वरची कोरी जागा

दादांचं पत्र आलं तेव्हा मी वाचनालयाच्या मागच्या खोलीत एका सुट्या झालेल्या पुठ्ठ्याला खळ लावत होतो. शनिवार होता, १८ एप्रिल १९८१. तारीख पाठ आहे, कारण त्या पत्राला मी उत्तर दिलं नाही. आणि ज्या पत्राला माणूस उत्तर देत नाही, ते त्याच्याकडे रोज नव्यानं येत राहतं.

दादा म्हणजे माझ्या बायकोचे थोरले भाऊ. पुण्यात सरकारी खात्यात इंजिनियर होते. त्यांना आणि सुलभावहिनींना मूलबाळ नव्हतं. मी फलटणला एका छोट्या वाचनालयाचा ग्रंथपाल. वाचनालयाच्या मागच्या दोन खोल्यांत आम्ही राहत होतो, मी, कुमुद, अकरा वर्षांची वृंदा आणि आठ वर्षांचा शिरीष.

हात खळीनं बरबटले होते, म्हणून पत्र कोपरानं दाबून धरून वाचलं.

‘श्री. मुकुंदराव यांस सप्रेम नमस्कार,’ दादांनी लिहिलं होतं. ‘सरळ मुद्द्यावर येतो. वृंदाला जूनपासून आमच्याकडे ठेवा. शाळा घरापासून दहा मिनिटांवर आहे. मुख्याध्यापिका सुलभाच्या ओळखीच्या आहेत. पोरगी हुशार आहे, तिला प्रयोगशाळा, मोठे ग्रंथालय, चार हुशार मुलींची संगत मिळायला हवी. तुमच्या घरचे वळण चांगलेच आहे, त्याबद्दल मला आदर आहे. पण नुसत्या वळणावर आजकाल भागत नाही. सुट्ट्यांना ती तुमच्याकडेच असेल. १५ मेच्या आत कळवा, म्हणजे प्रवेशाचे बघता येईल.’

कुमुद अंगणात बाजेवर सांडगे घालत होती. तिचेही हात भरलेले. मी पत्र वाचून दाखवलं. ती थांबली नाही, एकामागून एक सांडगा घालत राहिली.

“तुम्हाला काय वाटतं?” तिनं विचारलं.

“तुला काय वाटतं?”

“माझा भाऊ आहे. मी काय बोलणार? हो म्हटलं तर म्हणाल माहेरची ओढ, नको म्हटलं तर दादाला वाटेल, बहिणीला किंमत नाही. तुम्ही लिहा काय ते.”

“मी लिहितो.”

“लिहाल ना?”

“लिहितो म्हटलं ना.”

या ‘लिहितो’चा तिला चांगला अनुभव होता. तिनं पुढचा सांडगा घातला.

आमच्या घराबद्दल दोन शब्द सांगायला हवेत, नाहीतर दादांच्या ‘वळण’ या शब्दात काय होतं ते कळायचं नाही. आमच्याकडे रेडिओ नव्हता. सात वाजता चौघांनी बसून जेवायचं. जेवण झालं की मी काहीतरी वाचून दाखवायचो, रोज सोळा पानं, कारण पुस्तकाचा एक फर्मा सोळा पानांचा असतो आणि तेवढं वाचलं की मला काही पुरं झाल्यासारखं वाटे. दिवाळीला एकच ताका घ्यायचा आणि त्यात चौघांचे कपडे बेतायचे. एकदा लग्नाला आम्ही चौघे एकाच निळ्या चौकटीच्या कापडात उभे राहिलो तेव्हा दादा सगळ्यांदेखत म्हणाले होते, “मुकुंदराव, बँडपथक छान जमवलंय. ढोल कुठे ठेवलात?” सगळे हसले. कुमुदही हसली. मीही हसलो. रात्रभर मात्र मला झोप लागली नाही.

कारण दादांना वाटत होतं तसं ते तत्त्व होतं की नाही, हे माझं मलाच ठाऊक नव्हतं. साधं राहायचं, कारण साधेपणा चांगला? की मला दुकानात शिरून दुसरा ताका दाखवा म्हणायचा धीर होत नव्हता म्हणून? माणसाला आपला भित्रेपणा फार सहज सद्गुणासारखा दिसतो. मी पुस्तकांत राहणारा माणूस. मला वाटे, आपण पोरांना आपल्या आकाराचं घर दिलं, त्यांच्या आकाराचं नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार. आमच्याकडे पत्रं रविवारी सकाळी लिहीत. आंतरदेशीय पत्र घ्यायचं आणि त्यावर घरातल्या प्रत्येकानं लिहायचं, हा नेम होता. वरची जागा माझी, मधली कुमुदची, खालची आणि घडीवरची पोरांची. एकानं लिहिलेलं दुसऱ्यानं वाचायचं नाही, हाही नेम. आपलं लिहून झालं की तेवढा भाग दुमडून कागद पुढच्याच्या हातात द्यायचा. खरं म्हणजे आधी मी लिहायला हवं होतं, पण मला वेळ लागतो म्हणून हळूहळू उलटं झालं होतं. आधी बाकीचे लिहीत आणि वरची जागा माझ्यासाठी कोरी ठेवत. मी फक्त पत्ता आधी लिहायचो. पत्त्याबद्दल मला कधी शंका नसायची.

कुमुदनं त्या दिवशी बराच वेळ लिहिलं. एरवी तिच्या चार ओळी असत. मग तिनं कागद दुमडला आणि वृंदाकडे दिला.

“मामाला जास्त पाल्हाळ लावू नको,” ती म्हणाली.

वृंदानं डाव्या हाताची ओंजळ करून कागद झाकला.

“बघू नकोस रे.”

“मी नाही बघत,” शिरीष म्हणाला. “तुझं अक्षर लागतंय कुणाला?”

“मग मान का लांब करतोयस?”

“मान माझी आहे.”

लिहून झाल्यावर वृंदानं मला विचारलं, “अण्णा, मामानं मला तिकडे बोलावलंय ना?”

“तुला कुणी सांगितलं?”

“आईनं काल सांगितलं. सांडगे एवढाले मोठे घातलेत तिनं, ते वाळायचेसुद्धा नाहीत. म्हणून मी विचारलं, काय झालं म्हणून.”

तिथं, त्या क्षणी, मी तिला विचारायला हवं होतं, की बाळ, जाशील का? साधे तीन शब्द. नाही विचारले. ती ‘हो’ म्हणाली असती तर मला सोसलं नसतं, आणि ‘नाही’ म्हणाली असती तर मला वाटलं असतं की माझ्याकडे बघून म्हणाली. मी म्हटलं, “बघू,” आणि कागद घेऊन वाचनालयात गेलो.

सोमवारी मी पाठकोऱ्या कागदांवर खर्डे केले. पहिल्यात पाठवतो लिहिलं. ते वाचून वाटलं, लेकीला दुसऱ्याच्या ओसरीवर नेऊन ठेवतोय. दुसऱ्यात पाठवत नाही लिहिलं. ते वाचून वाटलं, माझ्या भीतीपायी तिच्यासमोरचं दार मी लावून घेतोय. तिसऱ्यात दोन्ही बाजू मांडल्या. त्या इतक्या चांगल्या मांडल्या गेल्या की निर्णय दादांवरच येऊन पडला. तो फाडला. मंगळवारपर्यंत अकरा खर्डे झाले. आंतरदेशीय पत्र मात्र तसंच, वरची जागा कोरी. चुरगळू नये म्हणून मी ते टेबलावरच्या एका पुस्तकात ठेवलं.

बुधवारी सकाळी बघतो तर टेबलावर ते पुस्तक नाही.

ग्रंथपालाच्या हातून होऊ नये ती चूक माझ्या हातून झाली होती. मंगळवारी संध्याकाळच्या गर्दीत मी ते पुस्तक वर्गणीदाराला देऊन टाकलं होतं. नोंद माझ्याच अक्षरात होती. गुजर कंपाउंडर. रहस्यकथा.

गुजर म्हणजे डॉक्टरांकडे तीस वर्षं औषधं बांधून निवृत्त झालेला माणूस. त्यांच्या घरी जायचं म्हणजे काहीतरी बोलायचं, म्हणून मी वाटेत वाक्य जुळवत गेलो. ते ओट्यावर बसून शेंगा सोलत होते.

“या की मुकुंदराव. पुस्तक उद्या देतो, आज शेवट ऱ्हायलाय.”

“नाही, पुस्तकाचं नाही. त्यात एक... माझ्याकडून...”

“निळं पत्र? टाकलं की पेटीत. कालच.”

मी ओट्याच्या कडेला टेकलो.

“टाकलं?”

“पत्ता हुता वर. टिकीट तर छापीलच असतंय. चिकटवायचं तेवढं तुम्ही इसरलावता, मग भाताचं शीत लावलं आणि नातीला घेऊन पेटीपर्यंत फिरून आलो. तुमी इसरभोळे, म्हटलं ऱ्हायलं असंल तर दिवसभर जीव खाल.”

“आत... म्हणजे तुम्ही उघडून...”

त्यांनी शेंग तशीच हातात धरली.

“मुकुंदराव, तीस वर्षं डॉक्टरांच्या चिठ्ठ्या वाचल्या मी. गावात कुणाला काय झालंय ते समदं म्हाईत हाय मला. कुणाच्या दारात जाऊन कधी बोललोय? दुसऱ्याचं पत्र उघडत न्हाई आपण.”

“तसं नाही. उपकारच झाले.”

“का, आत काय लिव्हायचं ऱ्हायलं हुतं काय?”

आता सांगायचं, हो, माझं सगळंच राहिलंय. पण त्या माणसानं इतक्या चांगुलपणानं शीत लावलं होतं.

“नाही, नाही,” मी म्हटलं.

“पुस्तक मात्र भिकार हाय. खून कुणी केला ते तिसाव्या पानावर कळलं मला.”

“बदलून देतो,” मी म्हटलं आणि उठलो.

घरी आलो. कुमुद चुलीपाशी होती.

“पत्र गेलं का?” तिनं पाठ न वळवता विचारलं.

“गेलं.”

“बरं झालं.”

यात खोटं काही नव्हतं. पत्र गेलंच होतं. तिनं काय लिहिलंत ते विचारलं नाही, आणि मी ती काय लिहून बसली ते विचारलं नाही. तसा नेमच होता.

दुसरं पत्र लिहिता आलं असतं, हे तुम्ही म्हणाल. मीही रोज म्हणत होतो. नवीन आंतरदेशीय आणलं, त्यावर पत्ताही लिहिला. पण आता गोष्ट आणखी अवघड झाली होती. आधी फक्त हो किंवा नाही लिहायचं होतं. आता वर कोरं पत्र का आलं, तेही लिहायला हवं होतं. इंजिनियर माणसाला कसं सांगायचं, की तुमच्या भाचीचं भवितव्य मी एका रहस्यकथेत ठेवून वाटून टाकलं? १५ मे जवळ येत गेला. संध्याकाळी मी वाचत असायचो आणि मध्येच थांबायचो.

“पुढे,” वृंदा म्हणायची.

“अण्णा विचार करतायत,” कुमुद म्हणायची.

“पुस्तकात आहे तेवढंच वाचायचंय ना? विचार कशाला?”

१५ मे गेला. जून आला. फलटणच्याच शाळेत सातवीचा वर्ग सुरू झाला आणि वृंदा शिरीषच्या शर्टाच्याच कापडाचा परकर पोलका घालून दप्तर घेऊन निघाली. ती कोपऱ्यावर वळेपर्यंत मी बघत उभा राहिलो. मला किती बरं वाटलं म्हणून सांगू. आणि बरं वाटतंय, याची किती लाज वाटली. निर्णय झाला होता, आणि तो मी केला नव्हता. न करून केला होता.

दादा भाऊबीजेला दरवर्षी येत. त्या वर्षीही सुलभावहिनींना घेऊन आले. सकाळपासून मी वाचनालयात काहीबाही काम काढून बसलो. पण जेवायला तर यावंच लागलं. पाटावर बसलो. दादांनी भाताचा पहिला घास घेतला, माझ्याकडे बघितलं आणि मिश्कील हसून म्हणाले,

“मुकुंदराव, तुमचं उत्तर पोचलं बरं का. थोडक्यात होतं, पण मुद्देसूद.”

कुमुद वाढता वाढता थबकली. वहिनींनी मान खाली घातली. त्यांच्या ताटातलं वरण भातावर पसरत गेलं आणि त्या ते बोटानं आवरत राहिल्या.

“दादा, ते...” मी म्हटलं.

“अहो राहू द्या. विषय संपला. कुमे, तूप वाढ.”

त्यानंतर त्यांनी तो विषय पुन्हा काढला नाही. मला वाटलं, अपमान गिळून माणूस विनोद करतोय. कोऱ्या कागदाला मुद्देसूद म्हणणं, याहून बोचरं काय असणार? मी त्यांना टाळू लागलो. ते आले की मला पुस्तकांची मोजदाद निघायची. पुण्याला जायचं झालं तर कुमुद आणि पोरं जायची. “हे येत नाहीत, यांचा स्वभावच तसा,” ती सांगायची. लोकांना ते पटायचं. लाजाळू माणसाचं हे एक बरं असतं, त्याचे गुन्हे स्वभावात जमा होतात.

वृंदा शिकली. वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. झाली. बारामतीला कॉलेजात शिकवू लागली, लग्न झालं, एक मुलगा झाला. सुखात होती असं दिसत होतं. पण मी माझ्या मनाशी दुसरीच वृंदा बाळगून होतो. पुण्याच्या शाळेतली, मोठ्या प्रयोगशाळेतली, परदेशात गेलेली, नावाजलेली. घरातली वृंदा कधी दमून आली, कधी प्राचार्यांच्या नावानं कुरकुरली, की ती दुसरी माझ्याकडे बघायची. कुणाला हे बोललो नाही. अडतीस वर्षं.

मागच्या दिवाळीनंतर वृंदा दोन दिवसांसाठी आली. आल्या आल्या पर्समधून एक पाकीट काढून टेबलावर ठेवलं.

“मामानं दिलंय,” ती म्हणाली. “मामी गेल्यापासून तो एकटाच आहे, आता पुतण्याकडे राहायला जायचं म्हणतोय. कागद आवरत होता. म्हणाला, हे तुमच्या घरचं आहे, घेऊन जा.”

पाकिटात ते निळं पत्र होतं. कडेला शिताचा डाग अजून होता.

कुमुदनं ते ओळखलं. मीही ओळखलं. दोघांपैकी कुणीच हात पुढे केला नाही.

“असे काय बघताय दोघं? बिल आहे का विजेचं?” वृंदा म्हणाली.

“तू वाचलंस?” कुमुदनं विचारलं.

“वाचलं की. आता काय तो नेम लागू आहे?” तिनं चष्मा चढवला. “वर काहीच नाही. अण्णांची जागा कोरी. मग आईचं.”

“राहू दे गं,” कुमुद म्हणाली.

“राहू कशाला दे?” आणि तिनं वर्गात वाचावं तसं खणखणीत वाचलं.

‘ती. दादास आशीर्वाद मागून कुमुदचा नमस्कार. हे वर काय लिहितील ते मला माहीत नाही. बहुतेक हो लिहितील. तू मोठा, आणि यांना कुणाला नाही म्हणता येत नाही. पण दादा, वृंदाला पाठवायची नाही. तुमच्याकडे तिला सगळे मिळेल हे खरे. पण इथे ती रुसते, पाय आपटते, भात नको म्हणून ताटावरून उठते. तुमच्या घरी ती शहाण्यासारखी वागेल. दुसऱ्याच्या घरी राहणारे मूल शहाणेच असते. ती इतक्यात शहाणी व्हायला नको आहे मला. वहिनीला वाईट वाटेल. ते तू सांभाळून घे. यांनी हो लिहिले असेल तरी माझे नाही धर, आणि यांना कळू देऊ नको.’

मग कुमुद माझ्याकडे न बघता म्हणाली, “चुकलं माझं. तुमच्या मागून लिहायला नको होतं. पण त्या दिवशी मला दुसरं काही सुचेना.”

“मी काहीच लिहिलं नव्हतं,” मी म्हटलं.

“म्हणजे?”

“वर काहीच नव्हतं. दिसतंय ना. कोरंच गेलं ते.”

“तुम्ही म्हणालात, गेलं.”

“गेलंच होतं. गुजर कंपाउंडरनं टाकलं.”

मग मला सगळं सांगावं लागलं. पुस्तक, ओटा, शीत, सगळं. अडतीस वर्षांत प्रथमच. वृंदा हसता हसता खुर्चीवरून घसरायची वेळ आली. कुमुद हसली नाही. ती बराच वेळ त्या वरच्या कोऱ्या जागेकडे बघत राहिली.

“मला वाटलं, तुम्ही वर हो लिहिलंत,” ती शेवटी म्हणाली. “आणि मी खाली नाही लिहून तुमचा शब्द मोडला. दादा भाऊबीजेला ते बोलला तेव्हा मला वाटलं, आता हे विचारणार. तुम्ही विचारलं नाहीत. पुढे दादाकडे यायचं टाळायला लागलात. मी म्हटलं, यांना कळलंय, आणि मोठ्या मनानं गप्प बसलेत.”

“मोठं मन कसलं. मी तोंड लपवत होतो.”

“मग मी इतकी वर्षं कुणाला घाबरत होते?”

“मला?” मी विचारलं. मला घाबरणारं जगात कुणी असेल, हे मला खरंच माहीत नव्हतं.

“तर काय. तुमच्या गप्प बसण्याला.”

वृंदानं डोळे पुसले. “मामाला काय वाटलं माहितेय? आईनं खाली चक्क नाही लिहिलंय, आणि वर तुम्ही मुद्दाम काही लिहिलेलं नाही. म्हणजे नवऱ्यानं बायकोच्या शब्दाखाली सही केल्यासारखं. परवा मला म्हणाला, ‘तुझा बाप फार हुशार माणूस. मी इतकी पत्रं वाचली, पण एवढ्या सभ्यपणे नाही म्हणणारा माणूस पाहिला नाही.’”

“मग थोडक्यात पण मुद्देसूद म्हणाले, ते...”

“खरंच म्हणाला तो.”

तरी एक उरलंच होतं. ते विचारल्याशिवाय त्या पत्राचा निकाल लागणार नव्हता, आणि हे मी एकदा सोडून दिलं होतं.

“बाळ,” मी म्हटलं, “तुला जायचं होतं का?”

ती एकोणपन्नास वर्षांची बाई माझ्याकडे बघत राहिली.

“अण्णा, तुम्ही हे इतकी वर्षं मनात ठेवलंत?”

“जायचं होतं का?”

“घडीवर लिहिलंय की मी.” तिनं पत्र उलटं केलं. ‘मामा, मामीला साष्टांग नमस्कार. तू बोलावलंस पण आत्ता येणं जमणार नाही. अण्णा रोज सोळा पानं वाचतात. सध्या राजपुत्र विहिरीत आहे. तो बाहेर आला की कळवीन. पण मग पुढचं पुस्तक सुरू होईल. सुट्टीत येईन. तुमच्याकडच्या दुधात साय असते ती मला काढू द्यावी.’

“एवढंच?” मी विचारलं.

“अकरा वर्षांच्या मुलीनं आणखी काय लिहायचं? मला पुणं आवडायचं. मामीपण आवडायची. पण तिकडे संध्याकाळ झाली की सगळे आपापल्या खोलीत जायचे. मला कळायचंच नाही, आता काय करायचं.” तिनं चष्मा काढला. “मी पुण्यात राहिले असते तर आणखी काहीतरी झाले असते का? झाले असते कदाचित. पण अण्णा, मला जे हवं होतं ते मी झालेय. प्राचार्य सोडून सगळं ठीक आहे माझं.”

कुमुद उठून आत गेली. भांड्यांचा आवाज आला. ती रडत असली की भांडी घासते.

“एक सांगू का?” वृंदा आवाज उतरवून म्हणाली. “आईला नका सांगू. मामीनं तेव्हा खिडकीपाशी माझ्यासाठी एक टेबल मांडून ठेवलं होतं. पत्र आल्यावर मामानं ते हलवलं नाही. तिनंच हलवलं, एका दुपारी. तो सांगत होता.”

भाऊबीजेच्या त्या जेवणात भातावर पसरणारं वरण बोटानं आवरणाऱ्या वहिनी मला दिसल्या. आम्ही सगळ्यांनी आपापली सुटका करून घेतली होती. त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं. आणि आता त्या नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोस्टात जाऊन आंतरदेशीय पत्र आणलं. अजून मिळतं. काउंटरवरच्या मुलीनं ते कपाटाच्या तळातून काढून दिलं. घरी आलो, टेबलाशी बसलो, पत्ता लिहिला. कुमुदनं पलीकडून विचारलं, “आधी आम्ही लिहू का?”

“नको,” मी म्हटलं. “आज आधी मी लिहितो.”

खर्डा केला नाही. लिहिलं ते असं:

‘ती. दादांस मुकुंदाचा सा. न. वि. वि. आपले १६ एप्रिल १९८१ चे पत्र पोचले. उत्तरास उशीर झाला, क्षमा असावी. वृंदाला पाठवत नाही. हे तेव्हा मला लिहिता आले नाही. आपण ज्याला माझे उत्तर समजलात ते कुमुदचे होते, ते उत्तम होते, पण माझे नव्हते. माझी जागा धीर झाला नाही म्हणून कोरी राहिली होती. आपण मला हुशार समजत आलात, त्यातून आता मोकळे करतो. वहिनींनी खिडकीपाशी टेबल मांडले होते हे काल कळले. त्यांना मी स्वतः नाही म्हणायला हवे होते. समोर बसून म्हणायला हवे होते. ते राहून गेले. पुतण्याकडे जाण्याआधी चार दिवस आमच्याकडे या. मी घरी असेन.’

वाचून बघितलं. दोन ठिकाणी बदल करावासा वाटला. नाही केला. कागद कुमुदकडे दिला. तिनं चार ओळी लिहिल्या, वृंदानं दोन. कुणी काय लिहिलं ते मी वाचलं नाही.

डिंक लावून, कडा दाबून, मीच घेऊन निघालो. वृंदा म्हणाली, “मी जाताना टाकते ना.” मी नको म्हटलं. पेटी बाजाराच्या कोपऱ्यावर आहे, माझ्या चालीनं पाऊण तास लागतो जाऊन यायला. उन्हं चढली होती. पेटीपाशी उभं राहून पत्ता एकदा तपासला, चिकटवलेली कड नखानं दाबून बघितली, आणि पत्र आत सोडलं.